मुळांना हवा दाखवणारी यंत्रं

सातपुड्याच्या उत्तर उतारावर, नर्मदेच्या काठी मणिबेली आहे. तालुका अक्कलकुवा, जिल्हा नंदुरबार. सरदार सरोवर धरणाचं पाणी महाराष्ट्रात शिरलं ते इथून. राज्यातल्या ३३ बुडीत गावांपैकी हे पहिलं. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ इथे होतं, तेही पाण्याखाली गेलं. १९९४ मध्ये जागतिक बँकेनं मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवावं अशी मागणी करणारा जाहीरनामा निघाला, त्याला नाव दिलं गेलं ते मणिबेलीचं. ४४ देशांतल्या ३२६ संस्था-संघटनांनी त्याला पाठिंबा दिला होता.

या गावाविषयी आजवर जे लिहिलं गेलं ते माणसांच्या विस्थापनाविषयी, आणि ते तसंच असायला हवं होतं. पण बुडीताच्या सरकारी आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे. महाराष्ट्रातली ९,५९९ हेक्टर जमीन या धरणानं घेतली. त्यातली शेतीची १,५१९ हेक्टर, नदीपात्र आणि इतर १,५९२ हेक्टर, आणि जंगल ६,४८८ हेक्टर. म्हणजे दोन तृतीयांश बुडीत जंगलाचं आहे. शिवाय विस्थापितांना जमीन द्यायची म्हणून तळोद्याकडचं सुमारे ४,२०० हेक्टर वनक्षेत्र मोकळं केलं गेलं, ते वेगळंच.

१९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर आपल्याकडे रीत अशी की, जंगल दुसऱ्या कामाला दिलं तर तेवढं दुसरीकडे लावायचं. कागदावर हे एक वाक्य आहे. जरा हिशेब करून पाहा. दोन-दोन मीटरवर झाड लावलं तर हेक्टरी २,५०० रोपं लागतात. नुसत्या ६,४८८ हेक्टरांसाठी १ कोटी ६२ लाख. सगळी जगली असं धरून. प्रत्येक रोप दीड किलो ओल्या मातीच्या पिशवीत वाढवलं, तर पिशव्या भरायलाच २४ हजार टनांहून जास्त माती खणावी लागेल. दहा टनी ट्रक धरले तर अडीच हजाराच्या आसपास खेपा. एक जंगल उभं करायला दुसरीकडची जमीन खरवडायची!

हा हिशेब मांडला की एक साधा प्रश्न पडतो, आणि त्याचं उत्तर शोधायला निघालं की माणूस थक्क होतो. कोट्यवधी रोपं जगात खरोखर वाढवली जातात, दरवर्षी. ती कोण वाढवतं आणि कशानं?

उत्तर यंत्रांत आहे. झाडांच्या रोपवाटिकेसाठी यंत्रं बनवणं हा जगातला एक चिमुकला, फारसा कुणाला माहीत नसलेला धंदा आहे. माती चाळणारी, मिश्रण कालवणारी, ट्रे भरणारी, प्रत्येक कप्प्यात नेमका खळगा पाडून नेमकं एक बी टाकणारी, धुकं सोडणारी, रोपं उपटणारी, मोजणारी यंत्रं. हा धंदा बहुतेक ठिकाणी कुटुंबांनी चालवला आहे, आणि याला सबळ कारण आहे. बाजार लहान. वर्षात मोजकी यंत्रं खपतात, तीही हंगामाच्या तोंडावर. मोठ्या कंपनीला यात रस वाटत नाही. पण रोपवाटिकावाल्याची तक्रार ऐकून, त्याच्या वाफ्यात वाकून बघून, पुढच्या वर्षी पातं दोन बोटं खाली घेणारा लोहार-सुताराचा हात घरात असेल तर हाच धंदा दोन-तीन पिढ्या चालतो. हॉलंडमध्ये बॉस्कोप नावाचं गाव शतकानुशतकं रोपवाटिकांसाठी प्रसिद्ध आहे. तिथली जमीन पाणथळ. शेतं म्हणजे चरांच्या मधल्या लांबट, अरुंद पट्ट्या. त्यावर मोठा ट्रॅक्टर चालत नाही. त्यामुळे त्या पट्ट्यांच्या रुंदीची यंत्रं तिथल्या तिथेच घडवावी लागली. जमीन जशी, तसं यंत्र. सातपुड्यासाठी हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं, त्याकडे पुढे येईन.

यंत्रांआधी मात्र मुळाकडे जायला हवं, कारण या सगळ्या कारागिरीचा मालक तेच आहे.

आपल्याकडे रोप म्हणजे काळी प्लास्टिकची पिशवी. स्वस्त, कुठेही मिळणारी. तिच्यात बी रुजतं, सोटमूळ सरळ खाली जातं आणि गुळगुळीत तळाला जाऊन थडकतं. पुढे वाट नाही. मग ते वळतं आणि पिशवीच्या कडेनं फिरू लागतं. एक वेढा, दुसरा वेढा. वर पानं हिरवीगार दिसतात, गिऱ्हाईक खूश होतं, रोप लागतं. पण मुळाला एकदा पडलेलं वळण सुटत नाही. ते जाड होत जातं, वेढे एकमेकांना आवळत जातात, आणि सात-आठ वर्षांचं झाड एखाद्या वळवाच्या वाऱ्यात मुळासकट उलटतं. लोक म्हणतात वारा जोराचा होता. दोष पिशवीच्या तळाशी, कित्येक वर्षांपूर्वी तयार झालेला असतो.

यावरचा उपाय इतका साधा आहे की तो पहिल्यांदा समजला तेव्हा मला विश्वासच बसेना. तळ काढून टाकायचा. कप्प्याच्या खाली मोठं भोक ठेवायचं आणि ट्रे जमिनीवर न ठेवता मांडणीवर उंच ठेवायचा. मूळ खाली येतं, भोकातून बाहेर डोकावतं, आणि तिथे त्याला माती भेटत नाही, हवा भेटते. कोवळं टोक सुकतं. टोक मेलं की मूळ मागे, वरच्या भागात, नव्या फांद्या फोडतं. त्या फांद्या खाली येतात, त्यांचीही टोकं सुकतात, आणखी फांद्या फुटतात. काही आठवड्यांत कप्प्याएवढ्या जागेत बारीक मुळांचं दाट जाळं तयार होतं. एकही वेढा नाही, शेकडो टोकं तयार. रोप जमिनीत गेलं की ती सगळी एकदम धाव घेतात. कात्री न लावता हवेनं केलेली ही छाटणी. रोपवाटिकावाले तिला 'एअर प्रुनिंग' म्हणतात. कप्प्याच्या आतल्या भिंतीवर उभ्या कडा असतात, त्या मुळाला गोल फिरू देत नाहीत, खालीच उतरवतात. म्हणून त्या कप्प्याचं नाव 'रूट ट्रेनर', मुळांना वळण लावणारा.

ही कल्पना जगात वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या गरजेतून उगवली. फ्लोरिडात जॉर्ज टॉड नावाच्या शेतकऱ्यानं १९६० च्या दशकात उलट्या पिरॅमिडच्या आकाराचे, तळाशी भोक असलेले थर्माकोलचे कप्पे केले, ते भाजीच्या रोपांसाठी. कॅनडात त्याच सुमारास जंगलतोडीनंतर डोंगर पुन्हा झाडांनी भरायचे होते, म्हणून तिथे एडमंटनच्या स्पेन्सर-लेमेअर या कंपनीनं पुस्तकासारखे उघडणारे कप्पे केले. रोप काढताना मूळ ओढायचंच नाही, पान उलटावं तसा कप्पा उघडायचा. जपानच्या होक्काइडो बेटावर निप्पॉन बीट शुगर ही साखर कंपनी होती. तिथला उन्हाळा तोकडा, बीट तयार व्हायला दिवस कमी पडत. रोपं आधी आडोशाला वाढवून मग लावायची, तर कुंडी कशाची? त्यांनी कागद चिकटवून मधाच्या पोळ्यासारखं जाळं केलं, घडी घातली की चपटं, ताणलं की शेकडो षटकोनी कप्पे. साखरेसाठी जन्मलेला हा कागद पुढे फिनलंडच्या जंगलांत पोचला. आणि डेन्मार्कच्या एस्ब्यर्ग शहरातल्या एलेगार्ड यांच्या यंत्रानं तर कुंडीच रद्द केली. ते यंत्र कागदाची नळी करतं, हवेच्या ओढीनं तिच्यात कोकोपीटचं, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचं, मिश्रण खेचतं, नळी चिकटवतं आणि हव्या त्या लांबीचे तुकडे कापत जातं. एका टोकाला कागदाचं रीळ, दुसऱ्या टोकाला भरलेल्या कुंड्यांची रांग. मुळं कागदाच्या भिंतीतून आरपार जातात, आणि लावताना कागदासकट लावायचं.

बी टाकणारं यंत्र याहून गमतीचं. बारीक भोकांच्या पट्टीमागे हवा ओढली जाते. प्रत्येक भोकाला एक बी चिकटतं. पट्टी ट्रेवर येते, ओढ थांबते, एकाच वेळी सगळ्या कप्प्यांत एकेक बी पडतं. स्वीडनमध्ये लान्स्क्रोना इथे बीसीसी ही कंपनी पाइन आणि स्प्रूससाठी अशा अख्ख्या रांगा बनवते. तिथे थंडीत रोपं झोपी जातात, म्हणून ती खोक्यांत भरून शून्याखाली दोन-तीन अंशांवर महिनोन्‌महिने ठेवतात आणि बर्फ वितळला की लावतात. रोपांचं कोठार! आपल्या उन्हात हे शक्य नाही, आणि म्हणून तिथलं यंत्र उचलून इथे आणून भागत नाही.

आता खानदेशात येऊ. मणिबेली खानदेशाच्या एका टोकाला, तर जळगाव दुसऱ्या. झाडांच्या बालपणाला लागणारी साधनं बनवण्यात मराठी मुलुखातलं एक घराणं जगभर पोचलं, ते जळगावचं जैन.

भवरलाल जैन यांचा जन्म १९३७ चा, अजिंठ्याच्या पायथ्याशी वाकोद गावातला. सरकारी अधिकाऱ्याची नोकरी चालून आली असताना ती नाकारून त्यांनी १९६३ मध्ये कुटुंबाच्या शिलकीतल्या ७,००० रुपयांवर रॉकेलचा धंदा सुरू केला. पुढे खतं, बियाणं, ट्रॅक्टर, पाइप, शेतकऱ्याला जे लागेल ते विकलं. १९७८ मध्ये केळीची पावडर बनवणारा एक बंद पडलेला कारखाना ३० लाखांना घेतला. पावडर चालणार नव्हती. त्यांनी तिथे पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली आणि ते निर्यात केलं. १९८० मध्ये पीव्हीसी पाइप, आणि त्या दशकाच्या अखेरीस ठिबक सिंचन.

ठिबकची गोष्टही बाप-लेकाची आहे, म्हणून इथे जरा थांबतो. १९३० च्या दशकात सिम्खा ब्लास नावाच्या पाणी-अभियंत्याला एक झाड दिसलं, शेजारच्या झाडांहून कितीतरी मोठं, आणि पाणी तर कुणी घालत नव्हतं. खणून पाहिलं तेव्हा खाली नळाचा सांधा थेंबथेंब गळत होता. ही गोष्ट त्यांच्या डोक्यात वीसेक वर्षं राहिली. प्लास्टिक हाती आल्यावर १९५० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी मुलगा येशायाहू याच्याबरोबर तोटी बनवली. भोक अगदी बारीक ठेवलं तर कचऱ्यानं तुंबतं, मोठं ठेवलं तर पाणी धो-धो येतं. त्यांनी वाट रुंद ठेवली पण लांब आणि वेटोळी केली. घर्षणानंच पाण्याचा जोर मरतो आणि शेवटी थेंब पडतो. १९६५ मध्ये इस्रायलच्या हात्झेरिम या किबुत्झबरोबर, म्हणजे सामूहिक शेतवसाहतीबरोबर, त्यांनी करार केला, आणि नेताफिम ही कंपनी उभी राहिली. पुढे इस्रायलमधल्या अशाच दुसऱ्या एका कंपनीत, नानदानमध्ये, जळगावच्या जैनांनी २००७ मध्ये अर्धा वाटा घेतला आणि २०१२ मध्ये ती पूर्ण आपली केली. गळक्या सांध्यापासून सुरू झालेली वाट खानदेशात येऊन पोचली ती अशी.

मला मात्र जैनांच्या कामात ठिबकपेक्षा केळीचं रोप जास्त विलक्षण वाटतं. जळगावची केळी पूर्वी कंदांवर लागायची. एका बागेतले कंद खणून दुसऱ्या बागेत. कंदाबरोबर सूत्रकृमी आणि रोगही जात. शिवाय कंद लहान-मोठे, म्हणून बाग एकसारखी कापणीला येत नसे. १९९० च्या दशकात जैनांनी ग्रँड नैन जातीची ऊतिसंवर्धित रोपं आणली. एका निरोगी केळीच्या कोंभाचं टोक घ्यायचं, नखाएवढं. १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत निर्जंतुक केलेल्या बाटलीत, मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये ठरवून दिलेल्या क्षारांच्या मिश्रणावर ते ठेवायचं. कोंभाला कोंभ फुटतात, ते वेगळे करून पुन्हा ठेवायचे. दर फेरीला तिप्पट धरलं तर आठ फेऱ्यांत एका टोकाची साडेसहा हजार रोपं होतात. त्यापुढे सहसा जात नाहीत, कारण मग रोपात बदल शिरू लागतात. हे सगळं काम ज्या टेबलावर होतं तिथे हवा अशा गाळणीतून येते, जी ०.३ मायक्रॉनचे कण दर दहा हजारांत ९,९९७ अडवते. आपल्या घरातल्या देवघराला लाभत नाही इतकी स्वच्छ जागा एका केळीच्या कोंभाला मिळते.

पण खरी कसोटी बाटलीबाहेर असते, आणि तिथेच रोपवाटिकेची यंत्रं कामाला येतात. बाटलीतल्या रोपाला ऊन, वारा, तहान काहीच माहीत नसतं. पानावर मेणाचा थर नीट धरलेला नसतो; पानांची सूक्ष्म छिद्रं उघडी राहतात, मिटायचं ती शिकलेलीच नसतात. असं रोप जळगावच्या उन्हात आणलं तर तासाभरात मान टाकेल. म्हणून आधी हरितगृहात ट्रेमध्ये, जिथे फॉगर धुक्याएवढे बारीक थेंब सोडून हवा दमट ठेवतात, दमटपणा दिवसागणिक थोडा-थोडा कमी करायचा, मग शेडनेटखाली पिशवीत, मग शेतात. याला हार्डनिंग म्हणतात. बाटलीत अब्जावधी जीव वाढवता येतील, पण त्यांना उन्हाला सामोरं जायला शिकवणारं धुकं, सावली आणि थेंब नसतील तर त्यातला एकही शेतापर्यंत पोचणार नाही. जैनांच्या कारखान्यात पाइप, तोट्या, फॉगर आणि रोपं एकाच घरात वाढली, हे त्यांचं वेगळेपण आहे. कंदाची केळी दीड वर्षाच्या आसपास घेत असे, ही रोपं अकरा-बारा महिन्यांत घड देतात, आणि सगळी बाग जवळजवळ एकदम.

भवरलालजींना २००८ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१६ मध्ये ते गेले. अशोक, अनिल, अजित आणि अतुल या चार मुलांनी धंदा पुढे नेला. २०१९ नंतर कर्जाच्या मोठ्या ओझ्यातून कंपनीला जावं लागलं, हेही सांगायला हवं. घराण्याचा धंदा म्हणजे नुसती चढती कमान नसते. त्याआधीचं आपल्याकडचं मोठं उदाहरण किर्लोस्करांचं. बेळगावात १८८८ मध्ये सायकलच्या दुकानापासून निघालेले लक्ष्मणराव कडबा कापायच्या यंत्रावरून लोखंडी नांगरावर आले, तेव्हा लोखंडानं जमीन नासते असं शेतकरी म्हणत आणि नांगर पडून राहत. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि लोखंडी नांगर पुढे महाराष्ट्रभर गेला. जमिनीत घालायची वस्तू विकायची तर विकणाऱ्याला वाट बघायची सवय लागते. ती सवय घराण्यांना असते.

केळीचं जमलं. जंगलाचं काय?

त्याची सुरुवातही महाराष्ट्रातच झाली होती, हे फार कमी लोकांना माहीत आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गुप्ता, नाडगीर, मस्करेन्हस आणि जगन्नाथन यांनी १९८० मध्ये सागाचं ऊतिसंवर्धन करून दाखवलं, आणि नुसत्या रोपांपासून नव्हे, शंभर वर्षांच्या झाडाच्या कळ्यांपासूनही. म्हणजे जे झाड शंभर वर्षं उभं राहून सरळ, उत्तम लाकडाचं ठरलं, त्याचीच हुबेहूब रोपं. दहा वर्षांनी त्याच प्रयोगशाळेतून आलेल्या बातमीनं जगातले वनस्पतिशास्त्रज्ञ चकित झाले. बहुतेक जातींचा बांबू आयुष्यात एकदाच फुलतो, तोही कित्येक दशकांनी, आणि फुलला की मरतो. रजनी नाडगौडा, परशरामी आणि मस्करेन्हस यांनी बाटलीतल्या इवल्याशा बांबूला काही महिन्यांत फुलवलं, त्याला बीही धरलं. 'नेचर'नं १९९० मध्ये तो निबंध छापला. तीस-चाळीस वर्षांची वाट एका बाटलीत काही महिन्यांवर आली! पुण्याच्या पाषाण रस्त्यावरून जाताना मला आजही हे आठवून अभिमान वाटतो.

महाराष्ट्राच्या वनविकास महामंडळानं सागासाठी रूट ट्रेनर वापरले. सागाचं बी मुळात आडमुठं. कवच इतकं जाड की आलटून-पालटून भिजवायचं आणि उन्हात वाळवायचं, असं आठवडे-आठवडे केलं तरी ते सवडीनं उगवतं. १८४० च्या दशकात मलबारात निलांबूरला कलेक्टर कॉनली आणि चात्तू मेनन यांनी सागाची पहिली मोठी लागवड केली, तेव्हाही बी रुजवण्यातच त्यांची खूप खटपट झाली होती. पुढे आपल्या वनखात्यांनी 'स्टंप'ची युक्ती रुळवली. वर्षाचं रोप उपटायचं, वर दोन-तीन सेंटिमीटर खोड आणि खाली वीतभर मूळ ठेवून बाकी छाटायचं, आणि ती काडी पहारीनं पाडलेल्या भोकात खोचायची. रूट ट्रेनरनं मुळं न तोडता हेच काम सोपं केलं.

सातपुड्यात साग आहे, पण सातपुडा म्हणजे साग नव्हे. मणिबेलीच्या भिलांचं, धडगावकडच्या पावऱ्यांचं घर चालतं ते मोहावर, आंब्यावर, चारोळीवर, टेंभुर्णीवर, बांबूवर. रानातल्या आंब्याचा आमचूर हे या भागाचं हुकमी उत्पन्न. आणि इथे हवेनं बी उचलणारं स्वीडिश यंत्र हतबल होतं. मोहाचं बी बोटाच्या पेराएवढं, तेलकट, आणि मुख्य म्हणजे साठवता न येणारं. पाइनचं बी कोरडं करून शीतगृहात वर्षानुवर्षं ठेवता येतं. मोहाचं बी कोरडं केलं की मरतं. जून-जुलैत फळ पिकून पडतं, आणि काही आठवड्यांच्या आत ते मातीत गेलं पाहिजे. आंब्याच्या कोयीचंही तसंच. निसर्गानं त्यांची वेळ पावसाशी बांधून टाकली आहे. शिवाय मोहाचं सोटमूळ पानं फुटायच्या आधीच खोल धावतं. भाजीच्या ९८ कप्प्यांच्या प्रोट्रेमध्ये त्याची दमछाक होईल. त्याला उंच, निमुळता, उभ्या कडांचा कप्पा हवा, तळ उघडा.

आणि वजनाकडे तर अजून कुणी पुरेसं पाहिलेलंच नाही. धरणानंतर नर्मदाकाठच्या अनेक पाड्यांची वाट पाण्यावरून झाली; दवाखानासुद्धा तिथे तरंगत जातो. रोपं न्यायची तर होडीत चढवायची, काठावर उतरवायची, मग डोक्यावर पाटी घेऊन चढण चढायची. वीस किलोच्या पाटीत दीड किलोच्या पिशव्या तेराच मावतात. दीडशे घनसेंटिमीटरच्या रूट ट्रेनरमधलं रोप कोकोपीट आणि शेणखतासकट दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतं. त्याच पाटीत सव्वाशेच्या वर जातात. चढण तीच, बाई तीच, पाटी तीच, आणि झाडं दहापट. सपाटीवर ट्रक जातो म्हणून तिथे हा फरक फारसा जाणवत नाही. मणिबेलीत यावरच लागवड होणार की नाही हे ठरतं. सुरुवातीला मांडलेला मातीचा हिशेबही असाच दहापट खाली येतो. २४ हजार टनांचे अडीच हजार टन होतात.

बॉस्कोपच्या चरांनी तिथली यंत्रं घडवली, तशी नर्मदेच्या काठानं आपली यंत्रं घडवायला हवीत. यात अवघड काही नाही. पाड्यावर चालणारं हवं, म्हणून विजेशिवाय, पायानं चालणारं चाळण-यंत्र. कोकोपीट दुरून विकत आणण्याऐवजी पानगळीचं खत चाळून भरता येईल असा ट्रे. मोहाच्या आणि चारोळीच्या मुळाच्या मापाचा उंच कप्पा. मांडणीला बांबू काठावरच आहे. जळगावला प्लास्टिक ओतणारे कारखाने भरपूर आहेत, चटईपासून पाइपापर्यंत सगळं तिथे बनतं. एक साचा करणं त्यांना जड नाही. नंदुरबारला कृषी विज्ञान केंद्र आहे. कुठलं बी कधी पडतं, कुठलं मूळ कसं जातं, हे तर पाड्यावरच्या आयाबायांना तोंडपाठ आहे. या तिघांनी एका मांडवाखाली बसायचं राहिलं आहे.

आपल्यापैकी ज्यांना यातलं काहीच करता येणार नाही, त्यांनी एवढं करावं. पुढच्या पावसाळ्यात रोपवाटिकेत गेलात की पानांकडे नंतर बघा. रोप हलकेच आडवं करून पिशवीचा तळ चाचपा, मालकाला विचारून एखादी पिशवी उघडून पाहा. मुळं गोल वेढे घेऊन बसली असतील तर ते रोप घेऊ नका, आणि का घेत नाही तेही मालकाला सांगा. रूट ट्रेनरमधली रोपं मागा. मागणी आली की मालक ट्रे आणतो, आणि ट्रेला गिऱ्हाईक आहे हे दिसलं की कुणीतरी साचा बनवतो.

जळगावच्या कारखानदारांना वेगळी विनंती. सातपुड्यात मोहाची फळं जूनमध्ये पडू लागतात आणि बी थांबत नाही. साचा मेपर्यंत तयार हवा.